आईला यूपीआय शिकवायचंय? फोन तिच्याच हातात राहू द्या

बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये हवं, डेबिट कार्ड किंवा आधार जवळ हवं, हे सांगायला नको. भीम किंवा तुम्ही वापरता ते ॲप घ्या, भाषा मराठी करा, अक्षरं मोठी करा, खातं जोडा. पेन्शनचं खातं मात्र जोडू नका. वेगळ्या बचत खात्यात दोन-तीन हजार ठेवा आणि तेच जोडा.

फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन दाबून धरण्याची वेळ वाढवा. वयस्कर माणसं बटण बराच वेळ दाबून धरतात. बोट जरा जास्त टेकलं की भलताच मेनू उघडतो. मी आईला 'हळू दाब' म्हणायचे, तर ती आणखी सावकाश दाबायची आणि पुन्हा तोच मेनू.

आता पिन. सगळं इथे अडतं, आणि मीही इथेच चुकले. पहिल्या वेळी घाईत आईचा पिन मीच ठरवला आणि कागदावर लिहून दिला. पिन कधी टाकायचा ते सांगितलं, कधी टाकायचा नाही ते सांगितलंच नाही. महिन्याभरात तिला फोन आला, 'तुमचे पैसे परत करायचेत, कोड स्कॅन करा आणि पिन टाका.' तिने टाकला. चार हजार गेले. त्याहून वाईट म्हणजे मी रागावेन म्हणून तिने आठ दिवस मला सांगितलं नाही.

तेव्हापासून मी असं शिकवते: पिन म्हणजे चेकवरची सही. आपण चेक देताना सही करतो. दुसऱ्याने आपल्या खात्यात पैसे भरले तर आपली सही लागते का? ज्यांनी आयुष्यभर चेक फाडले त्यांना हे एका वाक्यात कळतं. शिल्लक बघायलाही पिन लागतो, हे त्याच वेळी सांगा, नाहीतर पुढे गोंधळ होतो. ओटीपी, फोनचं लॉक आणि यूपीआय पिन एकाच दिवशी शिकवू नका. पिन त्यांचा त्यांनाच ठरवू द्या आणि तेव्हा तुम्ही मान फिरवा.

मग एकमेकांना एकेक रुपया पाठवा, दहा वेळा. 'आण इकडे, मी करते' हे वाक्य घरात बंद. व्हिडिओ पाठवून ही माणसं शिकतात, असं सांगणाऱ्यांनी कुणाला शिकवलेलं नसतं.

चार दिवसांनी दुसऱ्या खोलीतून स्वतः फसवा फोन करा. 'मावशी, बक्षीस लागलंय, पिन टाका.' त्यांनी फोन ठेवला की भाजीवाल्याकडे पाठवा. तुम्ही सोबत जा, पण दोन पावलं मागे राहा.

नजर किंवा हात साथ देत नसेल तर २०२४ मध्ये आलेलं यूपीआय सर्कल आहे. पैसे तुमच्या खात्यातून जातात, खर्च ते त्यांच्या फोनवरून करतात. प्रत्येक व्यवहाराला तुम्ही मंजुरी द्या किंवा महिन्याची मर्यादा ठरवून द्या. पण हात चालत असेल तर आधी स्वतःचं खातंच शिकवा.

शेवटी एक चिठ्ठी, मोठ्या अक्षरात, फोनच्या कव्हरमागे. तिच्यावर १९३० हवा, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार करायचा हेल्पलाइन नंबर. आईच्या चिठ्ठीवर लिहिलंय: 'पैसे गेले तर लगेच १९३०. मग मला फोन. मी रागावणार नाही.'