सायकलवरचं टू-स्ट्रोक इंजिन घाट उतरताना का जाम होतं?

बाजारात ८० सीसी म्हणून विकलं जाणारं सायकल-कीटचं (साध्या सायकलला बसवायच्या संचातलं) इंजिन बहुतेक वेळा ६६ सीसीचं असतं: ४७ मिमी बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ३८ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). नीट वापरलं तर ते सावकाश झिजतं, पण बऱ्याच जणांचं त्याआधीच जाम होतं. चढावर इंजिन तापतं म्हणून सगळे जपतात, उतारावर मात्र बिनधास्त असतात. पुण्याजवळचा दिवे घाट किंवा बोपदेव उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद, आणि चाकामुळे इंजिन मात्र गरगर फिरतंय. या इंजिनाला वेगळा ऑइल पंप नसतो, ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल जवळजवळ थांबलं की पिस्टन कोरडा घासतो.

म्हणून उतार लागला की क्लच ओढून लॉक करा, इंजिन आयडलवर (थ्रॉटल न देता, मंद गतीवर) चालू द्या. मग सगळा भार ब्रेकवर येतो, तेव्हा घाटात शिरण्याआधी ब्रेकचे रबर बघून घ्या. क्लच न ओढता उतरायचंच असेल, तर दर काही सेकंदांनी थ्रॉटल जरासा उघडत राहा.

पेट्रोल-ऑइलचं मिश्रण: पहिले ५०० किमी लिटरमागे ६० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, पुढे ४० मिली. अंदाजाने ओतू नका. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा. आधी कॅनमध्ये मिसळून हलवा, मग टाकीत. 'थोडं जास्त असू दे' हा हिशेब चुकीचा आहे: ऑइल वाढलं की तेवढंच पेट्रोल घटतं, हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), शिवाय सायलेन्सर चोक होतो. आताचं ई-२० पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात आठवड्यापुरतंच मिसळा, आणि गाडी उभी करायची असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवा.

हवा-पेट्रोलचं मिश्रण बरोबर आहे का, ते स्पार्क प्लग सांगतो. सपाट रस्त्यावर फुल थ्रॉटलला पळवा, तसंच क्लच ओढून किल-स्विच दाबा, प्लग काढा. टोकाचं पोर्सेलिन कोऱ्या चहाच्या रंगाचं हवं. काळं-ओलं असेल तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरं असेल तर त्याच दिवशी थांबा: मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं छिद्र) लहान आहे किंवा कुठून तरी हवा शिरतेय. थ्रॉटल सोडल्यावरही आयडल चढलेलाच राहत असेल, तर संशय इनटेकच्या (कार्ब्युरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) गॅस्केटवर. आयडलवर तिथे साबणाचं पाणी शिंपडा. आवाज बदलला तर गॅस्केट गेलंय. नवीन प्लगचा गॅप ०.६ मिमी ठेवा.

नट-बोल्टचं थोडक्यात: ५० किमी झाले की थंड इंजिनावर हेडचे नट तिरपे-समोरासमोर आवळा, स्पोक्सवर बसवलेलं मागचं स्प्रॉकेटही. चेनला १२ ते १५ मिमी ढील ठेवा.

(कायद्याचंही लक्षात असू द्या: २५ सीसीच्या वर गेलात की सायकल मोटार वाहन ठरते. नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं.)

ताकद हळूहळू कमी झाली तर सिलिंडर उघडायची घाई नको. आधी सायलेन्सर काढून एक्झॉस्ट पोर्ट बघा. कार्बन साठला असेल तर पिस्टन खाली नेऊन बांबूच्या कामटीने खरवडा. स्क्रू-ड्रायव्हरने पिस्टनवर ओरखडे पडतात. सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवायचा असेल तर हातमोजे घाला, आणि सिलिंडर किंवा हेड त्यात चुकूनही बुडवू नका. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं.