होडीच्या ट्रेलरसाठी गाडीला हिच बसवताना या चुका टाळा

गोव्यात शिवोलीला शापोरा नदीच्या उतारावरून होडी वर ओढत होतो, तेव्हा मागून ‘टक्’ असा आवाज आला. चाकांना दगड लावले आणि गाडीखाली वाकलो. हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या गाडीमागच्या लोखंडी जोडणीच्या बोल्टाभोवतीचा रंग भेगाळला होता, भेगेतून गंजाची तपकिरी रेघ उतरली होती. हिच भक्कम होती, ट्रेलर ज्यावर बसतो तो बॉल कोरा होता. पण गॅरेजवाल्याने ती डिकीखालच्या पत्र्याला आवळली होती, आणि ती कशाला बसवतोय हे मी त्याला विचारलेच नव्हते.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर अशा गाड्यांना खाली चॅसिसचे दोन लांब पोलादी दांडे असतात; हिच त्यांना बोल्टने बसली पाहिजे. ज्या गाड्यांना वेगळी चॅसिस नसते, त्यांना त्याच मॉडेलसाठी बनवलेला किट घ्या, जो कंपनीने ठेवलेल्या भोकांत बसतो आणि आतून जाड प्लेटचा आधार घेतो. बंपरला हिच कधीच लावू नका. गाडीसोबत मिळणारा स्क्रूचा टो-हुक अडकलेली गाडी बाहेर काढण्यापुरता असतो, ट्रेलर ओढण्यासाठी नाही. कोणी म्हणाला, ‘वेल्डिंग मारून देतो’, तर नको म्हणा. उष्णतेने चॅसिसचे पोलाद कमजोर होते, गंजरोधक थर जळतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत गंज तिथूनच आत शिरतो. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा कोरलेला आहे का, तेही बघून घ्या.

हिचवर छापलेला आकडा बघून खूश होऊ नका. हिच २ टनांची असली तरी गाडीची मर्यादा ७५० किलो असेल, तर ७५० हाच तुमचा आकडा. मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नका असे लिहिले असेल, तर विषय तिथेच संपतो. आणि वजन मोजताना नुसती होडी धरू नका. ४० एचपीचे फोर-स्ट्रोक इंजिन शंभर किलोच्या आसपास भरते, २५ लिटर पेट्रोल १८ किलो, शिवाय नांगर, दोर, जाळी आणि ट्रेलरचे स्वतःचे वजन.

होडीचे इंजिन मागे असते, म्हणून ट्रेलरचे नाक हलके पडते. नाक हलके असले की पर्वरीच्या उतारावर थोडा वेग येताच ट्रेलर डोलू लागतो. तसे झाले तर स्टीअरिंग सरळ धरा आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढा. जोरात ब्रेक मारू नका. मूळ उपाय मात्र घरीच करायचा. सपाट जागेवर, गाडीला जोडतो त्याच उंचीवर, कपलरखाली (ट्रेलरच्या नाकावरची, बॉलवर बसणारी वाटी) लाकडी ठोकळा आणि त्याखाली माणसाचे वजन करायचा काटा ठेवा. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के भार नाकावर यावा, पण गाडीच्या कंपनीने सांगितलेल्या मर्यादेच्या आतच. कमी भरला तर विंचचा (होडी ट्रेलरवर ओढून घ्यायच्या चरकाचा) खांब पुढे सरकवून होडी पुढे घ्या.

बॉल आणि कपलर यांचे माप जुळलेच पाहिजे. ५० मिमीच्या कपलरमध्ये पावणेदोन इंचांहून जरा मोठा, म्हणजे ४७.६ मिमीचा बॉल बसतो, लॉकही होतो आणि पहिल्या मोठ्या स्पीडब्रेकरवर उडून बाहेर येतो. दोन्हींवर माप कोरलेले असते, ते वाचा. लॉक केल्यावर ट्रेलरचा जॅक फिरवून नाक उचला. गाडीची मागची बाजूही वर आली, तर पकड खरी. सेफ्टी चेन कपलरखाली एकमेकींवर तिरप्या घाला, म्हणजे कपलर सुटला तरी नाक रस्त्यावर न आपटता चेनच्या झोळीत पडते.

ब्रेक दाबल्यावर ट्रेलरचा इंडिकेटर लुकलुकतो? बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग तपासा. बॉल-कपलरच्या धातूतून अर्थिंग मिळेल या भरवशावर राहिलात, तर ग्रीस आणि गंज त्याला दगा देतात. अर्थसाठी वेगळी वायर ओढा. होडी पाण्यात सोडण्याआधी ट्रेलरच्या दिव्यांच्या वायरचा प्लग काढा आणि चाकांची बेअरिंग थोडी थंड होऊ द्या. गरम बेअरिंग खाऱ्या पाण्यात गेली की पाणी आत खेचून घेते. घरी आल्यावर सगळे गोड्या पाण्याने धुवा.

कागदपत्रांत एवढेच: मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन असते, त्याची नोंदणी लागते. गाडीत बदल करण्याबद्दल कलम ५२ आहे, त्यामुळे हिच बसवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा.

आता प्रत्येक नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळल्यावर मी नटावरून चॅसिसपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढतो. होडी बाहेर काढायच्या आधी टॉर्च घेऊन खाली वाकतो. रेघ तुटलेली दिसली, तर त्या दिवशी होडी अंगणातच राहते.