आरीकाम करताना मान धरते? आधी डोळ्यांची सोय करा

आरीने, म्हणजे टोकाला आकडी असलेल्या सुईने, ब्लाउजच्या बाहीवर मणी भरायला बसलं की दोन तास कसे जातात कळत नाही. उठताना मात्र मान धरलेली असते. मग पहिली खरेदी होते ती उशीची, नाहीतर मानेच्या पट्ट्याची. मला ही सुरुवातच उलटी वाटते. टाका नीट दिसत नाही म्हणून आपण वाकतो आणि वाकून बसल्याने मान दुखते. दुरुस्तीही त्याच क्रमाने करावी.

१. दिवा हलवा. उजव्या हाताने आरी चालवत असाल तर दिवा डावीकडे, जरा पुढे ठेवा. नाहीतर हाताची सावली नेमकी सुईच्या टोकावर पडते. डावखुऱ्यांनी उलट करावं. दिव्याला टोपण हवंच, कारण उघडा एलईडी जरीवर आणि कुंदनांवर चमकून डोळे दिपवतो. रिंग लाइट रील काढायला राहू द्या. खोलीतला दिवाही चालू असू द्या. काळ्या कापडावरचं भरकाम दिवसा खिडकीशी उरका. रात्री खाका उतरवणं, सुटे धागे कापणं अशी कामं काढा.

२. चष्मा कामाच्या अंतराचा घ्या. चाळिशी लागली की हे टाळून चालत नाही. नेहमीसारखं बसा आणि डोळ्यापासून कापडापर्यंतचं अंतर मोजा. शिवणाची टेप हाताशी असतेच! तो आकडा डोळे तपासणाऱ्यांना सांगा. बायफोकल असेल तर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी सारखी वर करावी लागते; अशांनी कामापुरता एकाच नंबरचा वेगळा चष्मा करून घेतलेला बरा.

३. आता कापड ताणायची फ्रेम. खांदे सैल सोडा, कोपर अंगालगत ठेवा. फ्रेम कोपराच्या पातळीला किंवा ५ ते १० सेंमी वर हवी, आणि आपल्याकडे किंचित कललेली. दोरा धरणारा हात खाली असतो, त्यामुळे मांडी आणि फ्रेम यांच्यात तो मोकळा फिरला पाहिजे. जमिनीवर बसत असाल तर सतरंजीची जाड घडी किंवा पाट घ्या, म्हणजे बूड गुडघ्यांपेक्षा थोडं वर राहील. खुर्चीवर बसणाऱ्यांचे पाय टेकले पाहिजेत, एवढंच.

४. दर २० मिनिटांनी निदान २० सेकंद ६ मीटरवरचं काहीतरी बघा. जवळचं बघताना डोळ्यातला स्नायू आकसलेला राहतो, दूर बघितलं की सैलावतो. मोबाइल उघडलात तर ती विश्रांती नव्हे. टक लावून काम करताना पापण्याही कमी लवतात, म्हणून डोळे चुरचुरतात. पंख्याचा वारा थेट तोंडावर घेऊ नका. घड्याळाकडे लक्ष जात नसेल तर वाटीत थोडेच मणी ओता आणि डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. मणी संपले की उठावंच लागतं.

५. आरीची मूठ बारीक असेल तर तिच्यावर सुती पट्टी गुंडाळा. बारीक मूठ जास्त आवळून धरावी लागते. मनगट सरळ ठेवा. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन हात झटकावासा वाटत असेल तर मनगटातली नस दाबली जात असू शकते. तेल चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

पुढची ऑर्डर घेण्याआधी एक बुट्टी घड्याळ लावून भरून बघा, मध्ये उठण्याचा वेळ धरून. ब्लाउज कधी देणार, ती तारीख त्या हिशेबाने सांगा.