न्यूरोफीडबॅककडे वळताय? आधी रॉ सिग्नल वाचायला शिका

मानसशास्त्रात एम.ए. करून एखाद्या क्लिनिकमध्ये नुकती लागलेली मुलंमुली भेटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, न्यूरोफीडबॅकचा कोणता कोर्स करू?" न्यूरोफीडबॅक म्हणजे मेंदूच्या लहरी यंत्रावर दाखवून, बक्षीस देत त्या बदलायला शिकवणं. कोर्सचं नंतर बघू. त्याआधी सांगायची गोष्ट दुसरीच आहे, रॉ सिग्नल, म्हणजे सॉफ्टवेअरने काही गाळण्याआधीची मूळ रेघ, वाचायला शिकणं, आणि ती बहुतेक कोर्समध्ये अर्ध्या तासात उरकली जाते.

ईईजी म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद, डेल्टा-थीटा-अल्फा-बीटा हे त्यातल्या संथ ते जलद लहरींचे पट्टे, आणि इलेक्ट्रोडच्या जागा ठरवणाऱ्या १०-२० पद्धतीत सीझेड डोक्याच्या मध्यावर येतो, एवढं तुम्हाला येतं असं धरते. सेशनमध्ये होतं ते असं. डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून सिग्नल येतो, सॉफ्टवेअर त्यातला ठरावीक बँड, समजा १२ ते १५ हर्ट्झ, वेगळा काढतं आणि तो थ्रेशोल्डच्या, म्हणजे ठरवलेल्या पातळीच्या, वर गेला की पडद्यावरची गाडी पळते किंवा आवाज येतो. हे सेकंदाच्या अंशात व्हावं लागतं. उशीर झाला तर कशाचं बक्षीस मिळालं हे मेंदूला कळत नाही. समोरच्या मुलाला विचारा, "गाडी कशी पळवलीस?" त्याला सांगता येणार नाही, आणि ते ठीकच आहे. ऑपरंट कंडिशनिंगला, म्हणजे बक्षिसातून होणाऱ्या शिकण्याला, शब्दांतलं उत्तर लागत नाही. ज्या अवस्थेला मोबदला मिळतो, त्या अवस्थेकडे मेंदू पुन्हा पुन्हा जाऊ लागतो.

हे खरंच घडू शकतं, यावर माझा विश्वास बसला तो अमेरिकी संशोधक बॅरी स्टरमन यांच्या मांजरांमुळे. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी मांजरांना एसएमआर वाढवायला शिकवलं. एसएमआर म्हणजे सेन्सरीमोटर ऱ्हिदम, हालचाल आणि स्पर्श सांभाळणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यावर दिसणारा, साधारण १२ ते १५ हर्ट्झचा ताल. शरीर स्थिर आणि मन जागं असलं की तो उमटतो. स्नायूंकडून येणारी वर्दळ कमी झाली की थॅलॅमस (मेंदूच्या आतलं संदेशांचं ठाणं) आणि कॉर्टेक्स (बाहेरचा थर) यांच्यातलं चक्र एका लयीत फिरू लागतं, त्याची ही खूण. ताल आला की मांजराला दुधाचा घोट मिळायचा. पुढे अमेरिकी हवाई दलासाठी रॉकेटच्या इंधनातल्या मोनोमिथाइल हायड्रॅझिन या विषारी रसायनाचा अभ्यास करताना त्यांना दिसलं, की आधी एसएमआरचं ट्रेनिंग झालेल्या मांजरांना झटके उशिरा येतात. मांजराला थेरपिस्टचं बोलणं पटलेलं नसतं, बरं वाटेल अशी आशाही नसते. म्हणून हा पुरावा मला मोलाचा वाटतो. १९७२ मध्ये स्टरमन आणि फ्रायर यांनी अपस्मार असलेल्या रुग्णावर हेच ट्रेनिंग केल्याचं प्रसिद्ध केलं, आणि १९७६ मध्ये अमेरिकेतल्याच टेनेसीत जोएल लुबार यांनी ते अतिचंचल मुलापर्यंत नेलं. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकणाऱ्या, अतिचंचल मुलांसाठी आज सगळीकडे दिसणारा थीटा-बीटा प्रोटोकॉल (थीटा कमी, बीटा जास्त करायचा) त्याच वाटेवरचा.

आता खड्डा. यात मी स्वतः बराच काळ अडकले होते, म्हणून जरा लांबण लावणार आहे.

मेंदू मोबदला मिळेल ते शिकतो, पण मोबदला मेंदूलाच मिळतोय हे कशावरून? ईईजी मायक्रोव्होल्टमध्ये असतो, बहुतेक वेळा दहा-वीस ते पन्नास. डोळ्याची एक उघडझाप कपाळाजवळच्या इलेक्ट्रोडवर सहज शंभराच्या वर जाते, आणि ती डेल्टा-थीटाच्या पट्ट्यात सांडते. जबड्याच्या स्नायूंचा सिग्नल साधारण २० हर्ट्झपासून पार शंभराच्या पुढे पसरलेला असतो, म्हणजे तो थेट बीटावर येऊन बसतो. सॉफ्टवेअरला यातला फरक कळत नाही. त्या पट्ट्यात किती ताकद आहे एवढंच ते मोजतं.

आता थीटा-बीटा गुणोत्तर कमी करायचं ट्रेनिंग डोळ्यांसमोर आणा. नऊ वर्षांचा मुलगा पडद्याकडे टक लावून बसलाय. पापणी हलवत नाही, म्हणून थीटा घटलेला दिसतो. दात आवळलेत, म्हणून बीटा वाढलेला दिसतो. गुणोत्तर झकास खाली येतंय, गाडी सुसाट, आलेख सुंदर, आणि मूल एकदम एकाग्र दिसतंय. आई काचेतून बघून खूश आहे. प्रत्यक्षात आपण त्याला दात आवळून टक लावायला शिकवतोय. महिनाभर हे चाललं तर मूल त्यात तरबेज होतं, घरी जाताना डोकं दुखतं म्हणतं, आणि शाळेतल्या तक्रारी जिथल्या तिथे राहतात.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. सेशनच्या सुरुवातीला, गेम लावायच्या आधी, रॉ सिग्नल उघडा. मुलाला दात आवळायला सांगा, गिळायला सांगा, भुवया उंचवायला, जीभ टाळूला लावायला, डोळे डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. प्रत्येक वेळी रेघ कशी बदलते ते बघा. जबडा आवळला की रेघ दाट, केसाळ होते. उघडझापीला मोठी उतरती-चढती लाट येते. मग डोळे मिटायला सांगा. बहुतेकांच्या डोक्याच्या मागच्या भागात अल्फा उसळतो. हान्स बर्गर यांनी येना इथे १९२४ मध्ये माणसाचा पहिला ईईजी घेतला आणि १९२९ मध्ये तो छापला, तेव्हापासून ओळखीची असलेली ही खूण. ती दिसली नाही तर इलेक्ट्रोड आणि इम्पिडन्स (त्वचा आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विजेचा अडथळा) पुन्हा तपासा. इम्पिडन्स ५ किलोओहमच्या खाली आणा, घाईत "चालेल" म्हणू नका. ५० हर्ट्झची विजेची घरघर याच कंटाळ्यातून आत शिरते.

सेशन चालू असताना २५ ते ३५ हर्ट्झचा पट्टा शेजारी लावून ठेवा आणि तो वाढला की बक्षीस थांबेल अशी इनहिबिट सेटिंग करा. सेशननंतर दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. बीटा आणि हा वरचा पट्टा हातात हात घालून चढत असतील तर ती जबड्याची कमाई आहे, मेंदूची नाही. ओठ सैल, दात सुटे, आणि पापण्या मनमोकळ्या हलू देत, हे मुलाला दर वेळी सांगायचं. ऑटो-थ्रेशोल्ड, म्हणजे पातळी आपोआप बदलणारी सोय, तीही सुरुवातीला बंद ठेवा. मूल मागे पडलं तरी ते सेटिंग बक्षिसाचं प्रमाण तेवढंच ठेवतं, आणि आपल्याला काही कळत नाही.

एवढं सगळं नीट करूनही एक कडवी गोष्ट उरतेच. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या डबल-ब्लाइंड (कुणाला कोणतं ट्रेनिंग हे मुलांनाही आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक नसलेल्या) चाचणीत ७ ते १० वर्षांच्या एडीएचडीच्या मुलांना एका गटात थीटा-बीटा ट्रेनिंग आणि दुसऱ्या गटात खोटं ट्रेनिंग दिलं होतं. दोन्ही गटांत सुधारणा झाली, पण उपचार संपल्यावर गटागटांत फरक दिसला नाही. पालकांपासून हे लपवू नका. "गोळ्या बंद होतील ना?" असं विचारतात तेव्हा उत्तर एकच, गोळ्यांचा निर्णय डॉक्टरांचा. अपस्माराच्या रुग्णाला तर न्यूरॉलॉजिस्टशी बोलल्याशिवाय खुर्चीत बसवूच नका.

मग हे काम मी का सोडलं नाही? कारण शिकणं घडताना मी पाहिलं आहे, आणि ते कोणात, कशामुळे, किती टिकतं हे नीट तपासणारी माणसं या क्षेत्राला हवी आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत मेंदूला मार लागलेल्या रुग्णांवर न्यूरोफीडबॅकचं काम झालं आहे, ते शोधून वाचा.

आता कोर्स. शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेटवर माणसांच्या डोक्याला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे. रंगीत ब्रेन मॅप दाखवून "इथे लाल आहे म्हणून चिंता आहे" असं सांगणाऱ्या गुरूपासून लांब राहा. नकाशा रॉ सिग्नलवरूनच बनतो, आणि सिग्नलमध्ये जबडा असेल तर नकाशातही जबडाच रंगतो. बीसीआयए या बायोफीडबॅकच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणन संस्थेचं सर्टिफिकेशन मला त्यातल्या त्यात बरं वाटतं, कारण त्यात मेंटरसोबत बसावं लागतं आणि स्वतःचीही सेशन्स घ्यावी लागतात. निदान आणि उपचार स्वतंत्रपणे करायचे असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. न्यूरोफीडबॅकचं कुठलंही प्रमाणपत्र तिची जागा घेत नाही.

आणि मेंटर शोधताना मोठ्या नावांमागे धावू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या ईईजी टेक्निशियनना भेटा, परवानगी काढा आणि त्यांच्या शेजारी बसा. आर्टिफॅक्ट, म्हणजे मेंदूबाहेरून घुसलेला सिग्नल, ओळखण्यात त्यांचा हात धरणारा मला अजून कुणी भेटलेला नाही. पहिले काही आठवडे सगळ्या रेघा सारख्याच दिसतील, घाबरू नका, सगळ्यांचं तसंच होतं. त्यांना विचारत राहा, "ही उघडझाप की थीटा?" आणि त्यांच्या उत्तराआधी स्वतःचं उत्तर वहीत लिहून ठेवा.