न्यायाधीशांचे अधिकार: तालुका कोर्टात या चुका टाळा

तालुका कोर्टात वकिली करताना एक गोष्ट वारंवार दिसते. माणूस खरा असतो, कागद खरे असतात, पण जे काम समोरच्या न्यायाधीशांच्या हातात नाही, ते तो त्यांच्याकडे मागत असतो. मग तारखांवर तारखा पडतात.

सगळ्यात महागात पडतो तो वाटपाच्या दाव्यातला गैरसमज. गेल्या वर्षी एक आजोबा हुकूमनाम्याची, म्हणजे निकालावरून काढलेल्या कोर्टाच्या आदेशाची, नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले. जमिनीत तिसरा हिस्सा मंजूर झाला होता. कोर्टातून कुणीतरी येईल आणि बांध घालून देईल, म्हणून दोन वर्षं वाट बघत बसले होते. असं कुणी येत नाही. सरकारला सारा भरावा लागतो अशा शेतजमिनीत दिवाणी न्यायालय फक्त हिस्सा ठरवतं. सरस-निरस, म्हणजे चांगली आणि हलकी जमीन, पाहून प्रत्यक्ष वाटप करणं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 नुसार जिल्हाधिकाऱ्यांचं काम. ते पुढे तहसील आणि भूमी अभिलेखकडे येतं. त्यासाठी कोर्टात अर्ज करून कागद तिकडे पाठवून घ्यावे लागतात. राहत्या घराचं वाटप असेल तर मात्र त्यासाठी कोर्टच कमिशनर, म्हणजे जागेवर जाऊन पाहणी करणारा माणूस, नेमतं.

नक्कल वाचताना आणखी एक दिसलं: दाव्यात गट 214, हुकूमनाम्यात 241. आजोबांचा चेहराच उतरला. पण अशा लेखनचुकीसाठी नवा दावा लागत नाही. त्याच संहितेच्या कलम 152 खाली त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज कधीही देता येतो. त्या अर्जात हिस्सा वाढवून मात्र मागू नका. सही झालेला निकाल असा फिरवायचा अधिकार त्या न्यायाधीशांनाही नाही. त्याला अपील हाच मुख्य रस्ता.

जिल्हा न्यायालयात अपिलाची मुदत 30 दिवस. नकलेसाठी लागलेले दिवस त्यातून वगळतात, म्हणून निकालानंतर लगेच नकलेचा अर्ज टाका. आणि कृपा करून हे पक्कं लक्षात ठेवा: अपील दाखल झालं म्हणजे स्थगिती मिळाली असं नाही. तिच्यासाठी वेगळा अर्ज द्यावा लागतो. नाहीतर अपील चालू असतानाच समोरचा दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावून ताबा घेतो.

न्यायाधीशांना घरी किंवा चेंबरमध्ये एकट्याने भेटायला जाऊ नका. तुमचं म्हणणं समोरच्या पक्षाच्या कानावर पडूनच त्यांना ऐकता येतं.

फौजदारीत अटकपूर्व जामीन प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मागून उपयोग नाही. तो अधिकार सत्र न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला आहे. पोलीस गुन्हा नोंदवून घेत नसतील तर न्यायदंडाधिकारी तपासाचा आदेश देऊ शकतात. पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे आधी ठाण्यात तक्रार, मग पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज, आणि त्यानंतर प्रतिज्ञापत्रासह कोर्ट. अधीक्षकांना अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा. बरेच अर्ज त्या पावतीवाचूनच अडतात.