पांढरी दोनचा सा: सांगलीहून नवव्या सिंफनीच्या कोरसमध्ये

सांगलीत नऊ वर्षं ख्याल शिकून मी एम.एस्सी.साठी जर्मनीला गेले. तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत विद्यार्थ्यांचा ऑर्केस्ट्रा आणि कोरस असतो. वाजवणारे वैद्यकीचे, कायद्याचे, भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. माझ्या दुसऱ्या सेमिस्टरला त्यांनी बेथोव्हनची नववी सिंफनी घेतली. ही चार भागांची ऑर्केस्ट्राची रचना, शेवटच्या भागात कोरस, म्हणजे गायनवृंद, गातो; आणि कोरसला माणसं हवी होती. आपल्याकडून गाणं शिकून तिकडे जाणाऱ्यांनी हे वाचावं. मला आधी माहीत असतं, तर पहिले दोन महिने वाया गेले नसते.

निवडीची भीती बाळगू नका. पियानोवरचे सूर परत म्हणायला लावले, आवाज कुठवर जातो ते पाहिलं आणि मला आल्टोत, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजांत, बसवलं.

शेवटच्या भागातली 'ओड टू जॉय' ही प्रसिद्ध धून पांढरी दोनमध्ये आहे, म्हणजे तिचा सा हार्मोनियमच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर. ग ग म प, प म ग रे, सा सा रे ग, ग रे रे. सगळे शुद्ध स्वर; सा ते पंचमात जवळजवळ सगळी बसते, मध्ये एकदा मंद्र पंचमाला शिवून येते. मी पहिल्याच दिवशी नोटेशनखाली पेन्सिलीने सरगम लिहायला घेतली. ही मोठी चूक. पुढे लष्करी चालीचा (मार्चचा) भाग येतो तेव्हा सा काळी पाचवर गेलेला असतो, आणि जर्मन कवी शिलरच्या, कोरस गातो त्या कवितेतली कोट्यवधींना कवेत घेणारी ओळ सुरू होते तेव्हा पांढरी पाचवर. माझी सरगम तिथे कोलमडली. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, जाण्याआधीच शिका. रोज वीस मिनिटं दिली तरी तीन-चार महिन्यांत ओळख होते.

दुसरी अडचण गळ्याची. आपला गळा एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेने, म्हणजे घसरत जातो, शेजारच्या सुराचा ओझरता कणस्वर आपोआप लागतो. ऐंशी जणांत एकीची मींड लगेच ऐकू येते. कंडक्टरने तालीम थांबवून मला तो स्वर सरळ लावायला सांगितला. वाईट वाटलं, कारण जे घासून-पुसून कमावलं तेच काढून ठेवायचं होतं. पण शेजारणीच्या आवाजात आपला आवाज वेगळा ऐकू येईनासा झाला, तो दिवस मला अजून आठवतो.

सर्वांत अवघड म्हणजे शेजारी दुसरे सूर चालू असताना आपल्या सुरावर उभं राहणं. याचा सराव घरी होतो: कुणाला तरी हार्मोनियमवर धून वाजवायला सांगा आणि तुम्ही नुसता पंचम धरा, मग गंधार. मिरजेत एखाद्या चर्चच्या गायनवृंदात नाताळाच्या तालमींना बसू देतात का, तेही विचारून पाहा. मात्रा मोजण्यात मात्र आपण पुढे असतो. लांबलचक विश्रांतीनंतर नेमकं शिरणं तालाची सवय असलेल्याला जमतं.

कार्यक्रमात पहिले तीन भाग, म्हणजे साधारण पाऊण तास, कोरस गप्प असतो. पाणी आधीच पिऊन ठेवा. मग चेलो आणि डबल बास ती धून एवढ्या हळू सुरू करतात की श्वास रोखला जातो. 7 मे 1824 ला व्हिएन्नात पहिला प्रयोग झाला, तेव्हा बेथोव्हनला टाळ्या ऐकू येत नव्हत्या. आल्टो गायिका कॅरोलिन उंगरने त्याला प्रेक्षकांकडे वळवलं, असं सांगतात. आल्टोच्या रांगेत उभी असताना मला सारखी तिची आठवण येत होती.

सुट्टीत सांगलीला आले तेव्हा माझ्या गाण्याच्या बाईंना रेकॉर्डिंग ऐकवलं. सुरुवातीला व्हायोलिनं नुसता षड्ज-पंचम धरतात, पांढरी सहाचा. बाईंनी मिरजेचा त्यांचा तानपुरा जवळ ओढून त्या सुरात मिळवला. थोड्या वेळाने सगळा ऑर्केस्ट्रा एकदम पांढरी दोनवर उतरला. बाई थबकल्या, म्हणाल्या, "अगं, हा तर सा नव्हताच. पंचम होता." आणि त्यांनी खुंट्या पुन्हा पिळायला घेतल्या.