विंचू चावल्यावर वय विसरू नका : या चुका टाळा

माण, खटाव, जत, आटपाडीच्या कोरड्या मुलखात उन्हाळ्यात किंवा वळवाच्या पावसानंतर कडब्याची गंज उपसताना, शेणी काढताना, जळण ओढताना विंचू हटकून निघतो. प्रत्येक घरात एक दाखलाही तयार असतो : "आबांना चावला होता, रात्रभर तळमळले, सकाळी रानात गेले." या दाखल्यावरून पोराचा इलाज ठरवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

नांगीतून येणारं विष समोरच्याचं वजन बघून येत नाही. ६० किलोच्या गड्याला जेवढं, तेवढंच १० किलोच्या पोराला मिळालं, तर किलोमागे ते सहापट झालं. काळी, मोठी इंगळी दिसायला भयंकर, पण जिवावर सहसा बेतत नाही. घातक तो लहानसा तांबूस विंचू. त्याचं विष मज्जातंतूंमधल्या सोडियमच्या वाहिन्या बंद होऊ देत नाही. मग अ‍ॅड्रेनॅलिनसारखी रसायनं रक्तात भसाभस उतरतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतो, हृदय थकतं आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरू शकतं.

दुखण्यावरून अंदाज बांधू नका

ठणका जबर, पण हातपाय गरम आणि घाम-उलटी नाही, अशा मोठ्या माणसाला बहुधा वेदनेपुरताच त्रास होतो. उलट ठणका फारसा नाही, पण दरदरून घाम, उलट्या, तोंडातून लाळ आणि हातपाय गार, म्हणजे विष अंगभर भिनलंय. मुलग्यांमध्ये लिंग ताठ राहणं हे सुरुवातीचं लक्षण असतं. घरचे लाजेनं ते सांगत नाहीत, डॉक्टरांना सांगाच. बोलता न येणारं मूल कशानंच शांत होत नसेल, तर कपडे काढून अंग आणि अंथरूण दोन्ही तपासा. रडणारं पोर एकाएकी मलूल पडलं की "झोपलं एकदाचं" म्हणू नका. श्वास मोजा, तळहात चाचपा.

म्हाताऱ्या माणसांचं गणित वेगळं. जुन्या मधुमेहात पाय बधिर असले, तर अंगठ्याला झालेला दंश नीट कळतही नाही. पाय एरवीही गार असतात, म्हणून तळहात बघा. बीपी-हृदयासाठीची अ‍ॅटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल गोळी चालू असेल, तर नाडी वाढायची तितकी वाढत नाही. "नाडी बरी आहे" यावर विसंबून राहता येत नाही. हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद असल्या, तर वाढलेला बीपी त्यांना झेपत नाही. साखरही चढते. त्यामुळे साठीपुढच्या माणसाला छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर ती घाबरल्यामुळे आहे असं धरून चालू नका.

औषधात होणारी गफलत

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या दंशावर प्राझोसिन हे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध वापरात आणलं आणि मृत्यू खूप घटले. लहान मुलांना ते किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, हातपाय गरम होईपर्यंत साधारण दर ३ तासांनी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. साधी गोळीच लागते. हळूहळू विरघळणारी चालत नाही. घरात आजोबांची प्राझोसिनची गोळी आहे म्हणून पाव तुकडा पोराला देण्याचा उद्योग करू नये, कारण पहिल्या डोसनंतर बीपी धाडकन उतरू शकतो. त्यासाठीच डोस दिलेल्या मुलाला खांद्यावर उचलून घेऊ नका, आडवंच ठेवा. बीपीच्या गोळ्या घेणारे आजोबा "जरा जाऊन येतो" म्हणून उठले तर तिथंच कोसळतात. त्यांना भांडं पलंगावरच द्या.

विंचवाच्या विषावरची लस (अँटिव्हेनम) उपलब्ध असेल, तर ती प्राझोसिनसोबत लवकर दिल्यास अधिक गुण येतो. स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं या विषावर काम करत नाहीत. घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, मंत्रानं विंचू उतरवणं, यात फक्त वेळ जातो, आणि मुलाच्या बाबतीत तो सर्वात कमी असतो.

१०८ ला फोन करा, जवळचं ग्रामीण रुग्णालय गाठा. मुलाला लक्षणं दिसत नसली तरी घाईनं घरी आणू नका, २४ तास नजरेखाली राहू द्या. जाताना चावल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी आणि आजोबांना चावला असेल तर त्यांच्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. पोराचं वजन आठवत नसेल, तर अंगणवाडीच्या नोंदीतलं सांगा. डोस त्यावरच ठरतो.